बडी बहनजींचा हिशेब

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापूकुटी पाहून परततो. जवळच्या कस्तुरबा रुग्णालयात मात्र अपुऱ्या दिवसांची, किलो-दीड किलोची बाळे जगण्यासाठी झुंजत असतात. हे रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांच्यापुढे उपचार कुठवर करायचे, हा प्रश्न ऐन तारुण्यातच उभा राहिला होता.

१९१४ साली पंजाबात जन्मलेल्या सुशीलाबहेन दिल्लीत डॉक्टर झाल्या. गांधीजींचे सचिव प्यारेलाल हे त्यांचे थोरले बंधू. १९४२च्या आंदोलनात गांधीजी व कस्तुरबांबरोबर त्याही पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होत्या. फेब्रुवारी १९४४मध्ये बा अत्यवस्थ असताना देवदास गांधींनी पेनिसिलिन मागवले. त्या काळी ते दुर्मीळच. पण थकल्या देहाला आता सुयांच्या यातना नकोत, असे गांधीजींनी ठरवले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या.

त्यानंतर सेवाग्रामात बांच्या नावाने बायका-मुलांचे छोटे रुग्णालय सुरू झाले. सुशीलाबहेन १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९६९ साली त्यांनी इथेच वैद्यकीय महाविद्यालय काढले. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यायचे, ही तिथली रीत. सारे त्यांना बडी बहनजी म्हणत.

नवजात अतिदक्षतेचा हिशेब सोपा नाही. १९८३ साली कॅनडातील एका अभ्यासात एक ते दीड किलोच्या बाळांवरील खर्चाचे चीज होताना दिसले. किलोच्या आतल्या बाळांत मात्र खर्च वाढला आणि लाभ घटला. प्राणवायू जास्त झाला तर वाचलेल्या बाळाची दृष्टीही जाऊ शकते. मजूर आईबापांचा रोज बुडतो, तो वेगळाच.

सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी यांनी १९९०च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत या हिशेबाची दुसरी बाजू दाखवली. बाळाला ऊब, आईचे दूध आणि जंतुसंसर्गावर वेळेत इंजेक्शन, हे गावातल्याच बाईला शिकवले. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला.

म्हणून यंत्रे नकोत, असे नाही. श्वासच न घेऊ शकणाऱ्या बाळाला ती लागतातच. पण गावात बाळ जपले गेले, तर पेटीत ठेवावी लागणारी बाळे कमी होतील. आणि तिथवर आलेल्या बाळाचे उपचार कुठवर न्यायचे, हे डॉक्टरांनी आईबापांना विश्वासात घेऊन ठरवावे.

३ जानेवारी २००१ रोजी बडी बहनजी गेल्या. खेडे आणि रुग्णालय यांना जोडणारी त्यांची संस्था आजही सेवाग्रामात उभी आहे.