किडीलाच गुरू मानणारा साहेब

समजा, तुमच्या खिशात केंब्रिजची डिग्री आहे. वय पंचवीस-सव्वीस. पिकांच्या रोगांचे तज्ज्ञ म्हणून सरकारने तुम्हाला नेमलंय. काम काय, तर लॅबमध्ये बसून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघायची आणि शेतकऱ्यांना उपाय सांगायचे. पण एक गोष्ट खटकतेय. तुमच्याकडे स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. दुसऱ्यांना जे सांगताय, ते तुम्ही स्वतः कधी करूनच पाहिलेलं नाही. मग काय कराल? नोकरी टिकवाल, की प्रश्न विचाराल?

अल्बर्ट हॉवर्डसमोर हाच पेच होता. आज सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की जगभरात त्याचं नाव घेतलं जातं. तो 1873 साली इंग्लंडच्या श्रॉपशरमध्ये, शेतकऱ्याच्याच घरात जन्मला. 1899 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर त्याला बुरशीतज्ज्ञाची नोकरी मिळाली. उसाच्या रोगांवर त्याने तिथे अभ्यास केला. पण त्याच्या लक्षात आलं, की कागदावरचा इलाज आणि शेतातलं पीक यांच्यात मोठी दरी आहे.

1905 मध्ये तो भारतात आला. बिहारमधल्या पुसा इथे नवी कृषी संशोधन संस्था उभी राहत होती. (1934 च्या भूकंपानंतर ही संस्था दिल्लीला हलली. दिल्लीतलं ‘पुसा’ हे नाव तिथूनच आलं.) इथे त्याला प्रयोगासाठी 75 एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी त्याचं गॅब्रिएलशी लग्न झालं. ती स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होती. पुढची पंचवीस वर्षं दोघांनी एकत्र संशोधन केलं. पुसाच्या नावाने गव्हाच्या ज्या जाती गाजल्या, त्यामागे या जोडीची मेहनत होती.

आता खरी गंमत. साहेब लोक तेव्हा शेतकऱ्यांना शिकवायला यायचे. हॉवर्डने उलटं केलं. आजूबाजूच्या शेतांत तो नुसता बघत फिरला. त्याला दिसलं, की हे शेतकरी कुठलंही कीटकनाशक वापरत नाहीत, तरी त्यांच्या पिकांवर कीड फारशी नाही. असं का? ते एकाच शेतात मिश्र पिकं घेत होते. धान्यासोबत डाळी असायच्या. तुरीसारखं पीक मुळं खोलवर नेऊन जमीन मोकळी करायचं. हॉवर्डने ठरवलं, आपले प्राध्यापक दोन. एक हे शेतकरी आणि दुसरी कीड.

कीड प्राध्यापक कशी? त्याचं म्हणणं असं होतं, की कीड हा शत्रू नसून निरोप्या आहे. तुमच्या लागवडीत, पाण्यात किंवा जमिनीत काहीतरी बिघडलंय, हे ती सांगायला येते. निरोप्याला मारून टाकलं तर बिघाड कळणारच नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नव्हतं. त्याने ते करून पाहिलं. उन्हाळ्यात तो क्वेट्टाला, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, फळबागांवर काम करायचा. तिथल्या पीचच्या झाडांवर मावा पडायचा. फवारणी करण्याऐवजी त्याने मावा मुद्दाम पाडून दाखवला. कसा? हिवाळ्यात झाडांना वाजवीपेक्षा जास्त पाणी देऊन. जमीन चिकट झाली, मुळांना हवा मिळेना आणि वसंतात मावा आला. मग त्याने जमीन खोल मोकळी केली. त्यानंतर फुटलेली पानं स्वच्छ निघाली. एकाच फांदीवर खालची पानं माव्याने भरलेली आणि वरची निरोगी, असं चित्र होतं. कीटक तोच, झाड तेच. बदलली होती ती मुळांची अवस्था.

एवढं सिद्ध केल्यावर शाबासकी मिळायला हवी ना? पण पुसाच्या व्यवस्थेत कीटकांचा विभाग वेगळा, बुरशीचा वेगळा, मातीचा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. पीक मात्र अखंड असतं, ते असं वाटून घेता येत नाही. शेवटी हॉवर्ड दांपत्याने वेगळी वाट धरली. 1924 मध्ये होळकरांच्या इंदूरमध्ये, संस्थानाने दिलेल्या 300 एकर जमिनीवर नवी संस्था सुरू झाली. पैसा कापूस समितीकडून आणि मध्य भारतातल्या संस्थानांकडून आला.

तुम्ही ज्याला कंपोस्ट म्हणता, त्याची सुप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ इथलीच. काडीकचरा, कपाशीच्या पऱ्हाट्या, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी राख. या सगळ्याचे थर दोन फूट खोल खड्ड्यात रचायचे, ओलावा ठेवायचा, ठरावीक दिवसांनी वर-खाली करायचं. तीन महिन्यांत खत तयार. महागडं यंत्र नको, बाजारातून काही आणायला नको. दोन-चार एकरवाल्यालाही जमेल, असा हा हिशोब होता. 1931 साली या पद्धतीचं पुस्तक आलं, तेव्हा हॉवर्डच्या नावासोबत सहलेखक म्हणून यशवंत वाड हे नाव होतं. हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? आणि ज्यांच्याकडून हे सगळं शिकलं गेलं, त्या शेतकऱ्यांची तर नावंही नोंदलेली नाहीत.

1930 मध्ये गॅब्रिएल गेली. पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. 1934 मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला, 1940 मध्ये त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आलं. पण वारं दुसरीकडे वाहत होतं. 1939 मध्ये डीडीटीची कीटकनाशक ताकद समजली होती. एका फवाऱ्यात कीड साफ होत असेल, तर मुळांची चौकशी कोण करणार? 1947 मध्ये हॉवर्ड वारला. पुढच्याच वर्षी डीडीटीच्या संशोधनाला नोबेल मिळालं.

हॉवर्डचं सगळंच बरोबर होतं का? नाही. जमीन सकस असली की रोग जवळपास येतच नाहीत, यावर त्याचा फार भरवसा होता. आपल्या बैलांना शेजारच्या आजारी जनावरांमुळे लाळ्या-खुरकूत झाली नाही, याचं श्रेय तो सकस चाऱ्याला द्यायचा. पण मोजक्या बैलांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही, हे तुमचा स्टॅटिस्टिक्सचा पहिला धडाही सांगेल. काही किडी आणि रोग चांगल्या जमिनीतल्या पिकावरही तुटून पडतात. तिथे कधीतरी रसायन लागतं.

पण ‘कधीतरी’ आणि ‘आधी तेच’ यात माणसाच्या जिवाचा फरक आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपण बोलताना कीटकनाशकाला सहज ‘औषध’ म्हणतो. डब्यावरचा लाल त्रिकोण मात्र सांगत असतो, की आत अतिशय जहाल विष आहे. डोक्याएवढी कपाशी, तोंडाला साधा रुमाल, हातमोजे नाहीत आणि अंदाजाने एकत्र केलेली दोन-तीन रसायनं. असं विष आधी फवारणाऱ्याच्याच अंगात जातं, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतात मजुरीवर आलेला असतो.

आज कृषी विद्यापीठं ज्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात, त्यातला क्रम हॉवर्डच्या प्रश्नाशी जुळतो. आधी शेतात फिरून कीड मोजा. मित्रकीटक आहेत का बघा. पिकांची फेरपालट, कामगंध सापळे, निंबोळी अर्क यांनी भागतंय का पाहा. नुकसान ठरावीक पातळीच्या वर जाणार असेल, तरच रसायन वापरा. तेही लेबलवरच्या मात्रेत, मनाने मिसळ न करता, हातमोजे-मास्क घालून आणि वाऱ्याकडे तोंड न करता.

तुमच्यापैकी कुणी ॲग्रीला असेल, कुणी केमिस्ट्रीला, कुणाच्या घरी अजून शेती असेल. पुढच्या वेळी पानावर कीड दिसली, की काय फवारू हे विचारण्याआधी ही इथे का आली, एवढं विचारा. उत्तर कदाचित बांधावर उभ्या असलेल्या आजोबांना माहीत असेल. त्यांच्याकडून ते शिकलात, तर वहीत त्यांचं नावही लिहून ठेवा.