हरवलेल्या अक्षरांचा माग

सातव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये आमच्या ग्रुपला एका भुताने झपाटलं होतं. एका प्रोग्रॅमने निरोप पाठवायचा, मधल्या मेसेज क्यूने तो सांभाळायचा आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने तो उचलायचा, एवढं साधं काम. निरोप पोचायचा. पाठवणाऱ्याचं नाव, वेळ, क्रमांक, सगळं जागच्या जागी. पण आत मजकूरच नाही! पाकिटावर पत्ता बरोबर असावा आणि फोडल्यावर आत कागदच नसावा, तशी गत. एरर म्हणाल तर एकही नाही. मग आम्ही काय केलं? टाइमआउट वाढवला. निरोप पुन्हा पुन्हा पाठवून पाहिला. मशीनची रॅम वाढवली. तीन रात्री जागून झाल्या, पण पाकीट रिकामं ते रिकामंच. शेवटी निरोप उचलण्याचा कोड ज्या मित्राने लिहिला होता त्याच्यावर आम्ही खापर फोडलं. तो बिचारा पार्टनर दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

त्याच आठवड्यात लायब्ररीत ट्रान्समिशन लाइन्सचं पुस्तक चाळताना लॉर्ड केल्व्हिन भेटले. केल्व्हिन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे, बस्स! पण हा माणूस आयुष्यातली बरीच वर्षं समुद्राच्या तळाशी हरवणारे निरोप शोधत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वाचकहो, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

त्यांचं खरं नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. वडील गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांना ग्लासगो विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि सगळं कुटुंब स्कॉटलंडला आलं. विल्यमने त्याच विद्यापीठात प्रवेश घेतला तो वयाच्या दहाव्या वर्षी! आपण त्या वयात स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायचं की नाही यावर घरी चर्चा करत होतो. सोळाव्या वर्षी त्याने फूरिएचा उष्णतेवरचा ग्रंथ वाचून काढला. धातूच्या दांड्याचं एक टोक तापवलं तर उष्णता दुसऱ्या टोकाकडे कशी सरकत जाते, याचं ते गणित. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. केंब्रिजचं शिक्षण आटोपून १८४६ मध्ये, म्हणजे अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो ग्लासगोला प्राध्यापक झाला आणि तब्बल ५३ वर्षं त्याच खुर्चीत राहिला. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत म्हणून या तरुण सरांनी वाइन ठेवायच्या एका पडीक तळघरात प्रयोगशाळा थाटली. १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी मांडली, ती आपल्या ओळखीचीच.

आता मूळ मुद्दा. १८५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत तारायंत्राचं जाळं पसरत होतं. जमिनीवरच्या खांबांवरून निरोप झटकन जायचा, पण तीच तार रबरासारख्या गटापर्चात गुंडाळून पाण्याखाली टाकली की गडबड व्हायची. इकडून स्वच्छ ठोका द्यावा, तिकडे तो पसरट होऊन निघावा. ठोके भराभर दिले तर एकात एक मिसळून नुसता चिखल. निरोप पोचतोय, पण अक्षरं नाहीत!

थॉमसन यांनी १८५५ मध्ये यामागचं गणित मांडलं. आत तांब्याची तार, बाहेर समुद्राचं पाणी आणि मध्ये गटापर्चा, म्हणजे ही केबल नव्हेच, हा हजारो मैल लांबीचा कपॅसिटर आहे. ठोका पुढे जाण्याआधी तो कपॅसिटर भरावा लागतो आणि पुढच्या ठोक्याआधी रिकामा करावा लागतो. गणित तेच, फूरिएच्या तापलेल्या दांड्याचं! लांबी वाढली की रेझिस्टन्स वाढतो आणि कपॅसिटन्सही वाढतो. त्यामुळे विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केबल दुप्पट, तर विलंब चौपट. शिवाय व्होल्टेज वाढवून उपयोग नाही. त्याने ठोक्याची उंची वाढते, पण पसरटपणा तेवढाच राहतो. उपाय दोनच. तांबं जाड आणि शुद्ध घ्या, आणि पलीकडे इतकं संवेदनशील यंत्र ठेवा की ठोक्याची नुसती सुरुवात झाली तरी कळावं.

१८५६ मध्ये अटलांटिक महासागरात केबल टाकण्यासाठी कंपनी निघाली. तिचे मुख्य इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचे शल्यचिकित्सक. वर्गाचा नियम त्यांना मुळीच मान्य नव्हता. थॉमसन कंपनीचे एक संचालक होते खरे, पण ते येईपर्यंत केबलची ऑर्डर गेलेली होती. दर सागरी मैलाला जेमतेम १०७ पौंड तांबं! थॉमसन यांनी कारखान्यातल्या तांब्याचे नमुने तपासले, तर त्यांच्या वाहकतेत प्रचंड फरक. सगळं तांबं सारखंच, असं गृहीत धरून कोणी ते मोजलंच नव्हतं.

१८५७ मध्ये पहिला प्रयत्न झाला. केबल तुटून समुद्रात गेली. १८५८ च्या जूनमध्ये पुन्हा निघाले, तर वादळाने ॲगामेम्नॉन जहाज बुडता बुडता वाचलं आणि केबल पुन्हा पुन्हा तुटली. या सगळ्या सफरींत थॉमसन पदरमोड करून जहाजावर हजर, आणि मुख्य इलेक्ट्रिशियनसाहेब तब्येतीचं कारण सांगून किनाऱ्यावर! अखेर ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड जोडले गेले.

१६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना निरोप सुटला. शंभरेक शब्दांचा हा निरोप पोचायला सोळा-सतरा तास लागले. गंमत म्हणजे मध्येच केबलचं काम निघालं आणि पहिलं वाक्य तेवढं पूर्ण निरोप म्हणून पुढे रवाना झालं! उरलेला मजकूर नंतर आला. हे वाचताना मी लायब्ररीत एकटाच हसलो. पाकीट बरोबर, आत कागद अर्धा. आमचाच प्रॉब्लेम, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा.

आयर्लंडच्या टोकाला व्हाइटहाउस यांचं स्वतःचं छापणारं यंत्र होतं. ते या क्षीण ठोक्यांना दाद देईना. तेव्हा त्यांनी काय केलं? व्होल्टेज वाढवलं. पाच फुटी इंडक्शन कॉइल्स लावून दोन हजार व्होल्टच्या घरातले झटके केबलला दिले. प्रत्यक्षात निरोप वाचला जात होता तो थॉमसन यांच्या आरशाच्या गॅल्व्हानोमीटरवर. रेशमाच्या धाग्याला टांगलेला चिमुकला आरसा, पाठीला इवलंसं चुंबक आणि समोर दिवा. करंट किंचित आला तरी आरसा हलतो आणि प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकतो. प्रकाशाला वजन नसतं, त्यामुळे हा काटा कितीही लांब करता येतो. इतकी साधी युक्ती!

दोष कुठे आहे यावरही दोन मतं. व्हाइटहाउस यांना वाटलं, किनाऱ्यालगत. त्यांनी संचालकांचा हुकूम मोडून तिथली केबल उचलून पाहिली आणि त्यांची नोकरी गेली. थॉमसन यांनी रेझिस्टन्स मोजून सांगितलं की दोष खोल समुद्रात, काहीशे मैलांवर आहे. पण विशेष हे की व्हाइटहाउस यांना काढू नये म्हणून आधी रदबदली केली तीही थॉमसन यांनीच. सप्टेंबर उजाडता उजाडता केबल कायमची मुकी झाली.

या अल्पायुषी केबलचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना परत निघण्याचा हुकूम झाला होता. आता त्यांची गरज नाही हा निरोप ऑगस्टअखेर केबलने गेला आणि सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले.

अपयशाची रीतसर चौकशी झाली. अहवाल १८६१ मध्ये आला. लोकांना कळलं की मोजल्याशिवाय गत्यंतर नाही, पण मोजायचं कशात? रेझिस्टन्सचं सर्वमान्य एकक तेव्हा नव्हतं! थॉमसन यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी समिती बसली आणि तिच्या कामातून पुढे आपला ओहम आला. लॅबमधला रेझिस्टन्स बॉक्स पाहिला की आता मला ती मुकी केबल आठवते.

१८६५ मध्ये ग्रेट ईस्टर्न हे अजस्र जहाज नवी केबल घेऊन निघालं. या खेपेस दर सागरी मैलाला ३०० पौंड तांबं. तरी सुमारे १२०० मैलांवर केबल तुटली. १८६६ मध्ये पुन्हा गेले, आणि २७ जुलैला काम फत्ते! एवढ्यावर न थांबता अडीच मैल खोल पाण्यात गळ टाकून आदल्या वर्षीची केबलही वर काढली आणि जोडून पूर्ण केली. पायाच्या जुन्या फ्रॅक्चरमुळे लंगडणारे थॉमसन दोन्ही सफरींवर होते. त्याच वर्षी ते सर झाले. १८७० मध्ये तेच ग्रेट ईस्टर्न मुंबई बंदरात आलं आणि इथून एडनकडे केबल टाकत निघालं.

१८९२ मध्ये ते लॉर्ड झाले आणि विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन नदीचं नाव त्यांनी घेतलं. १७ डिसेंबर १९०७ रोजी ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनजवळ त्यांची समाधी आहे.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. याच केल्व्हिन यांनी पृथ्वीचं वय काढलं, तेही फूरिएच्याच गणिताने, आणि अखेरीस ते दोन ते चार कोटी वर्षांवर आणून ठेवलं. भूगर्भशास्त्रज्ञ नाही म्हणत राहिले, पण हे ऐकेनात. आज आपण ते सुमारे ४५४ कोटी वर्षं मानतो. गणित चुकलं नव्हतं. पृथ्वीचं पोट घट्ट दांड्यासारखं आहे हे गृहीतक चुकलं होतं. दुसऱ्याचं गृहीतक तपासणारा माणूस स्वतःच्या गृहीतकापाशी अडला.

हे वाचून मी रूमवर आलो आणि आम्ही टाइमआउट वाढवणं बंद केलं. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर मजकुराची लांबी छापून घेतली. निघताना ४१२ बाइट. क्यूमध्ये ४१२. लॉगिंगच्या मॉड्यूलमध्ये शिरताना ४१२, आणि बाहेर पडताना शून्य! ते मॉड्यूल नोंद ठेवण्यासाठी मजकूर एकदा वाचून काढायचं आणि वाचण्याची खूण शेवटाला तशीच सोडून द्यायचं. पुढचा वाचायला यायचा तो थेट शेवटापासून, मग त्याला काय मिळणार? खूण पुन्हा सुरुवातीला आणणारी एक ओळ घातली आणि भूत पळालं.

लॉगिंगचं मॉड्यूल कोणी लिहिलं होतं म्हणता? मी. ते साधंच आहे, त्यात काय चुकणार, असं धरून मी ते एकदाही तपासलं नव्हतं. त्या रात्री पार्टनरला कॅन्टीनला नेऊन चहा पाजला आणि माफी मागितली. तो हसला, आणि चहाबरोबर दोन वडापावही माझ्याच खात्यावर लिहायला सांगितले.