सुईने घडवलेले प्राणिविश्व : मार्गारेटे श्टाइफ

इंदूरच्या कारागिरांनी घडवलेली चामड्याची खेळणी ज्यांनी हाताळली असतील, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट नक्कीच आली असेल. हत्ती असो, घोडा असो वा सिंह, त्याच्या आत सांगाडा असतो, भरण असते. परंतु त्याला जिवंतपणा येतो तो वरून चढवलेल्या कातड्याने. ते अंगाबरोबर बसले तर प्राणी डौलात उभा राहतो. कुठे ढिले पडले किंवा कुठे ताणले गेले तर तोच प्राणी आजारी दिसू लागतो. भौगोलिक मानांकन लाभलेली इंदूरची ही कला मूर्तिकाराइतकीच शिंप्याचीही आहे. माळव्यापासून कोकणापर्यंत मराठी घरांत जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून जन्मणारी बाहुली हीसुद्धा सुईचीच लेक. बाजारातून आणलेल्या वस्तूपेक्षा घरी शिवलेली ही भेट मुले अधिक काळ उराशी धरतात, हा अनुभव कोणत्याही आजीला नवा नाही.

या घरगुती अनुभवातून जगभरच्या बालविश्वाला नवा सोबती देणारी एक स्त्री जर्मनीत होऊन गेली. तिचे नाव मार्गारेटे श्टाइफ. आज घरोघरी पलंगावर, सोफ्यावर विसावलेली मऊ अस्वले आणि ससे ज्या परंपरेतून आले, तिच्या मुळाशी तिचा एक नमद्याचा हत्ती आहे, आणि तो विकण्यासाठी शिवलेला नव्हता.

मार्गारेटेचा जन्म 24 जुलै 1847 रोजी दक्षिण जर्मनीतील गींगेन या ब्रेन्ट्स नदीकाठच्या लहान गावी झाला. वडील बांधकामाचा व्यवसाय करीत. दोन मोठ्या बहिणी, मारी आणि पाउलीने, आणि पाठचा भाऊ फ्रिट्झ असे हे कुटुंब होते. दीड वर्षाची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण दोन्ही पाय निकामी झाले आणि उजवा हात दुबळा झाला. तो आजार पोलिओचा होता. त्या काळी त्यावर ना लस होती, ना उपाय.

चालता न येणारी, उजव्या हाताने धड काम न करता येणारी मुलगी पुढे काय करणार, ही चिंता एकोणिसाव्या शतकातल्या त्या घराला किती जाळत असेल याची कल्पना आपल्याला सहज करता येते. लग्न होणे कठीण, शेतीचे वा घरकामाचे कष्ट अशक्य; म्हणजे जन्मभर इतरांवर भार, असेच तिचे भवितव्य सर्वांना दिसत होते. शाळेत मात्र ती गेली. भावंडे आणि शेजारची मुले तिला हातगाडीत बसवून ओढत नेत आणि शाळेजवळ राहणारी एक स्त्री तिला उचलून वर्गात नेऊन बसवी. गाडीत बसल्या बसल्या ती लहानग्यांसाठी खेळ रचू लागली. ज्या खेळात स्वतःला धावता येणार नाही, त्या खेळाचे केंद्र आपण कसे व्हावे, हे ती फार लवकर शिकली.

ती नऊ वर्षांची असताना लुडविग्सबुर्ग येथे तिच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. नंतर वील्डबाड येथील उष्ण झऱ्यांवर उपचार झाले. गुण आला नाही. पुढे पायांच्या मागे आयुष्य दवडण्याऐवजी तिने हातांकडे लक्ष वळवले आणि शिवणवर्गात नाव घातले. दुखऱ्या उजव्या हाताने टाका घालणे म्हणजे रोजची परीक्षा होती. आरंभी तिचे काम पाहून कोणी तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली नसेल. परंतु वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तिने हे शिक्षण पुरे केले. झिदर नावाचे तंतुवाद्यही ती शिकली आणि इतरांना शिकवू लागली. बहिणींनी घरात स्त्रियांचे कपडे शिवण्याचा उद्योग मांडला, त्यात ती सामील झाली.

शिवणयंत्र घरात आले तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. यंत्राचे चाक उजव्या हाताला असते आणि तिचा उजवा हात ते फिरवू शकत नव्हता. मार्गारेटेने यंत्र उलटे फिरवून मांडले; चाक डाव्या हाताशी आले आणि काम सुरू झाले. शरीर यंत्राच्या सोयीचे होत नसेल तर यंत्रच शरीराच्या सोयीचे करावे, एवढाच तो साधा विचार होता. पण त्यावर तिच्या पुढच्या साऱ्या उद्योगाची इमारत उभी राहिली. 1874 मध्ये वडिलांनी घरातच तिच्यासाठी शिवणाची खोली तयार करून दिली. 1877 मध्ये तिने नमद्याच्या कपड्यांचे स्वतःचे दुकान काढले.

नमदा म्हणजे फेल्ट. हे कापड मागावर विणलेले नसते. लोकर भिजवून, दाबून, घासून ते घट्ट केलेले असते. त्यात ताणाबाणा नसल्यामुळे कापल्यावर त्याच्या कडांचे धागे सुटत नाहीत. काठ दुमडून तुरपाई करण्याची गरज उरत नाही. कापावे, जोडावे आणि उलटावे, इतके ते सरळ. गींगेनमध्येच नातेवाइकांचा नमद्याचा कारखाना होता, त्यामुळे माल हाताशी होता. मार्गारेटेने त्याचे परकर आणि लहान मुलांचे झगे शिवायला घेतले. मागणी वाढली, मदतीला बायका ठेवाव्या लागल्या. ज्या मुलीला घर पोसणार अशी सर्वांची समजूत होती, ती आता इतर घरांना काम देऊ लागली.

1879 च्या डिसेंबरात तिला एका फॅशनविषयक नियतकालिकात छोट्या कापडी हत्तीचा नमुना आढळला. तिने नमद्याचे तुकडे बेतले, आत मेंढीची मऊ लोकर भरली आणि टाचण्या-सुया खोचून ठेवण्यासाठी छोटे हत्ती तयार केले. ते तिने नातलगांना आणि मैत्रिणींना भेट दिले. शिवणाच्या पेटीशेजारी ठेवण्याची ती एक शोभिवंत, उपयोगी वस्तू होती. पण घरोघरी एकच घडले. मोठ्यांच्या सुया बाजूला राहिल्या आणि हत्ती मुलांनी पळवले.

त्या काळची बरीचशी खेळणी लाकडाची, पत्र्याची नाहीतर चिनी मातीची असत. चिनी मातीच्या चेहऱ्याची बाहुली पाहण्यासाठी असे, तिला घेऊन झोपता येत नसे. नमद्याचा हत्ती पडला तरी फुटत नव्हता, टोचत नव्हता आणि कुशीत ऊबदार वाटत होता. मुलांनी दिलेला हा कौल मार्गारेटेने मानला. हत्तीच्या पाठीवरची सुयांची जागा गेली आणि तो निव्वळ खेळणे झाला. त्यामुळेच 1880 हे वर्ष तिच्या कारखान्याच्या स्थापनेचे मानले जाते.

हे खेळणे तिच्याच हातून का घडावे, याचे उत्तर तिच्या कपड्यांच्या दुकानात आहे. प्राण्याचे कातडे हा मुळात एक अंगरखाच असतो. दोन बाजूंचे दोन तुकडे जोडले तर हत्ती चपटा होतो; पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूने वेगळी पट्टी घातली, म्हणजे कुडत्याला कळी घालतात तशी, तर तो चार पायांवर उभा राहतो. कपाळाचा फुगवटा, सोंडेची वळणे, कानांचा कल हे सारे कात्रीच्या एका रेषेवर ठरते. मुलांच्या झग्यात बगलेला किती सैल ठेवायचे याचा विचार अनेक वर्षे केलेल्या डोळ्यांना हे गणित अवघड नव्हते. शिल्पकाराने आकार आधी पाहिला असता. मार्गारेटेने शिवण आधी पाहिली.

फ्रिट्झला बहिणीच्या हत्तींचे मोल कळले. पोतेभर हत्ती घेऊन तो जवळच्या हायडेनहाइमच्या बाजारात गेला. आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जशी गावोगावची माणसे जमतात, तशाच त्या गर्दीत ते हत्ती हातोहात खपले. 1886 या एका वर्षात 5,000 हून अधिक हत्ती विकले गेले. फ्रिट्झने पुढे बहिणीसाठी नवे घर बांधले, त्यात चाकांच्या खुर्चीला वर जाता येईल अशी उतरण होती. 1892 च्या सचित्र सूचिपत्रात हत्तीबरोबर माकड, गाढव, घोडा, उंट, डुक्कर, उंदीर, कुत्रा, मांजर, ससा आणि जिराफही दाखल झाले. 1893 मध्ये नमद्याच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून रीतसर नोंदणी झाली.

भेट म्हणून शिवलेली वस्तू विक्रीची झाली की तिची शिवण विरळ होते, भरण हलके होते, हा जगाचा अनुभव. मार्गारेटेचे मोठेपण इथे दिसते. नवा नमुना आला की पहिले खेळणे ती स्वतः शिवून पाही. नात्यातल्या मुलाला द्यायची वस्तू जितकी निगुतीने करू, तितकीच अनोळखी मुलासाठीही करावी, हा दंडक तिने कारखान्याला घालून दिला. चाकांच्या खुर्चीतून ती कामगार स्त्रियांमध्ये वावरत असे. तिने लग्न केले नाही. स्वतःचे मूल नसलेल्या या आत्याभोवती फ्रिट्झची मुले वाढली आणि पुढे त्याच कारखान्यात रुजू झाली.

त्यांतला रिचर्ड 1897 मध्ये आत्याच्या हाताखाली आला. कलाशिक्षण घेतलेला हा तरुण प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलांची रेखाटने करीत असे. 1902 मध्ये त्याने हातपाय हलवू शकणारे, लोकरीच्या केसाळ कापडाचे 55 सेंटिमीटरचे अस्वल तयार केले. 1903 च्या लाइपझिगच्या मेळ्यात एका अमेरिकी व्यापाऱ्याने त्याची 3,000 नगांची मागणी नोंदवली. योगायोग असा, की त्याच सुमारास अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेले अस्वल मारण्यास नकार दिल्याची वार्ता आणि त्यावरचे व्यंगचित्र गाजत होते. रूझवेल्टांच्या लाडक्या नावावरून अस्वल टेडी झाले आणि त्याने जग जिंकले.

लगोलग या प्राण्यांना कपडेही आले. इंग्लंडमध्ये बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिने आपल्या गोष्टीतल्या पीटर या सशाची कापडी बाहुली करून 1903 च्या डिसेंबरात तिची नोंदणी केली होती. निळ्या कोटातला तो ससा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गींगेनमध्येही शिवला गेला. भरलेल्या प्राण्याला कपडा शिवणे दिसते तितके सोपे नसते, हे ज्यांनी घरी प्रयत्न केला त्यांना ठाऊक आहे. त्याचे डोके गळ्यापेक्षा मोठे, हात आखूड, पोट पुढे आलेले आणि मागे शेपूट. माणसाच्या बाळाचे माप इथे चालत नाही. सदरा पाठीकडून उघडा ठेवावा लागतो, गळा रुंद घ्यावा लागतो, शेपटीसाठी वाट सोडावी लागते. बटण लहान मुलाच्या तोंडात जाणार नाही याचा विचार करावा लागतो. मूल तो कपडा शंभरदा काढणार आणि घालणार; स्वतःचे बटण लावायला ते पुष्कळदा तिथेच शिकते. असा कपडा नमद्याचा असला तर दुमडण्याची कटकट वाचते, ही मार्गारेटेची जुनी सोय आजही उपयोगी पडते.

यशाबरोबर नकलाही आल्या. 1904 मध्ये फ्रान्झ या पुतण्याच्या कल्पनेने प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचे बटण बसू लागले. आरंभीच्या बटणावर हत्तीचेच चित्र होते. 1903 मध्ये मुख्यतः काचेची, भरपूर उजेडाची नवी इमारत उभी राहिली होती, कारण बारीक शिवणाला प्रकाश लागतो. 1907 मध्ये सुमारे 9 लाख 74 हजार अस्वले तयार झाली. कारखान्यात 400 आणि आपापल्या घरी शिवणाऱ्या 1,800 जणांना त्यातून काम मिळत होते. ज्या गावाने तिला गाडीतून ओढत शाळेत नेले, त्या गावाची चूल तिच्या सुईवर पेटू लागली.

9 मे 1909 रोजी न्यूमोनियाने मार्गारेटेचे निधन झाले. तेव्हा ती 61 वर्षांची होती. कारखाना आजही चालू आहे आणि गींगेनमध्ये त्याचे संग्रहालयही आहे.

बाजारात आज मऊ खेळण्यांना तोटा नाही. वाढदिवसाला आलेली डझनभर अस्वले कपाटावर धूळ खात पडतात. अशा वेळी घरातल्या कोणी जुन्या साडीच्या काठाचे एक जाकीट त्यांतल्या एखाद्या अस्वलाला शिवून दिले, तर इतरांतून तेच अस्वल निवडून मूल त्याला जवळ घेते. कारण त्या वेड्यावाकड्या टाक्यांत आपल्यासाठी कोणीतरी वेळ दिला आहे, हे मुलाला शब्दांवाचून उमगते. गींगेनच्या मुलांना नमद्याच्या हत्तीत नेमके हेच गवसले होते. चालू न शकणाऱ्या त्या स्त्रीने लाखो मुलांच्या घरी पोहोचण्याची वाट शोधली ती एका भेटवस्तूच्या शिवणीतून. त्या वाटेवर चालायला आजही सुई, दोरा आणि संध्याकाळचा एक मोकळा तास एवढेच लागते.