देवळालीचे कापरेकर मास्तर

गणिताविषयी काही लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि गणित टाळता यावे म्हणूनच कॉमर्सला आलो, हे माझ्या वर्गमित्रांना ठाऊक आहे. सातवीत असताना एक उदाहरण मी माझ्या पद्धतीने सोडवले होते. उत्तर बरोबर आले, पण रीत पुस्तकातली नव्हती, म्हणून वहीवर भला मोठा तांबडा भोपळा मिळाला. तेव्हापासून गणिताने आणि मी अबोला धरला. असे असूनही आज एका गणितवेड्या शिक्षकाचे चरित्र सांगायला बसलो आहे, कारण आमचा तो अबोला त्यांनी सोडवला. आणि तोही स्वतःच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

झाले असे. माझी मावशी सुरतेला डिंडोलीत राहते. डिंडोली ही सुरत शहराच्या दक्षिणेकडील, उधन्याजवळची वस्ती. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून कापडाच्या धंद्यात कामाला आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे तिथे स्थायिक झाली आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि कामावर हिंदी, असा त्यांचा चार भाषांचा संसार. आम्ही बेळगावकर घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारे, त्यामुळे मला तिथे परके वाटले नाही. काका यंत्रमागावर कामाला आहेत. त्यांची मुलगी यंदा सहावीत गेली. तिच्या हाती कोणीतरी गणिताच्या स्पर्धा परीक्षेची पुस्तिका दिली होती आणि ती पोर रोज संध्याकाळी त्या पुस्तिकेपुढे बसून डोळे पुसत असे. मे महिन्याच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा मावशीने मोठ्या विश्वासाने तिला माझ्या हवाली केले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला सहावीचे गणित येत नसेल, हे मावशीच्या मनातही आले नसावे.

पळवाट म्हणून मी तिला एक खेळ सांगितला. खेळ मी कुठेतरी वाचलेला होता, इतकेच. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची. मात्र चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करायची आणि मोठीतून लहान वजा करायची. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हीच क्रिया करायची. उदाहरणार्थ १९०५ घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१ उरतात. मग ९५३१ उणे १३५९, म्हणजे ८१७२. पुढे याच रीतीने ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करा. ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४! गाडी शेवटच्या स्थानकावर येऊन थांबली. कोणतीही संख्या घ्या, सात वजाबाक्यांच्या आत ती इथेच येते.

मुलीने डोळे पुसले आणि दुसरी संख्या घेतली. मग तिसरी. रात्री जेवायला हाका माराव्या लागल्या. जेवताना तिने मला विचारले, की हे कोणी शोधून काढले? मला नाव माहीत होते, माणूस माहीत नव्हता. बेळगावला परत आल्यावर तो माणूस मी शोधत गेलो. जे हाती लागले ते असे आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वरच्या उदाहरणात मी १९०५ हीच संख्या का घेतली, ते आता ध्यानात आले असेल. मुंबईहून सुरतेला जाताना डहाणू रोड स्थानक लागते. मावशीकडे जाताना कितीदा तरी मी ते खिडकीतून पाहिले असेल, पण त्या गावाशी आपले काही नाते जुळेल असे कधी वाटले नव्हते. कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि वडिलांची ती आकडेमोड पाहता पाहता मुलाला ग्रहांऐवजी आकड्यांचीच गोडी लागली. ठाण्याला शाळेत असताना कोडी सोडवण्यात त्यांचे तासन् तास जात.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना १९२७ मध्ये मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले आणि त्याच वर्षी नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. शाळाही सोडली नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीतच मुलांना शिकवत राहिले. चरित्राची बाह्य रेषा एवढीच. पण खडू-फळ्याच्या त्या तेहेतीस वर्षांत हा माणूस फावल्या वेळी जे करत होता, त्यामुळे देवळालीचे नाव जगाच्या गणितात गेले.

कापरेकरांची रीत लहान मुलाची होती. संख्या हाती घ्यायची आणि ती उलटसुलट करून पाहायची. आगगाडीच्या प्रवासात, आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली. त्या स्थानकाला तेव्हा डेम्लो म्हणत, म्हणून त्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या हे नाव दिले. त्यातल्या सर्वांत देखण्या संख्या आपल्यालाही करून पाहता येतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. जिना चढावा आणि उतरावा तशा त्या दिसतात.

दुसरा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो, तो कापरेकर संख्यांचा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. एखादी संख्या तिच्याच अंकांच्या बेरजेने भागली जात असेल तर तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. रामानुजनांमुळे गाजलेली १७२९ ही संख्या घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. म्हणजे तीही हर्षदच.

मला स्वतःला सर्वांत भावल्या त्या देवळाली संख्या. एखाद्या संख्येत तिचे अंक मिळवले की पुढची संख्या जन्माला येते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. २४ मध्ये २ आणि ४ मिळवले की ३०. म्हणजे २१ ही २४ ची जननी. पण काही संख्यांना अशी जननीच नसते. २० घ्या. कितीही शोधा, जिच्यात तिचे अंक मिळवून २० येतील अशी संख्या सापडत नाही. ३१, ४२, ५३ यांचेही तसेच. या स्वयंभू संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचे नाव दिले. आठव्या वर्षी आईला पारखा झालेला हा माणूस जननी नसलेल्या संख्या शोधत बसला, यात काही अर्थ पाहावा की नाही हे मी ठरवू शकत नाही. पण ते वाचताना मी थबकलो खरा.

६१७४ चा शोध त्यांना १९४६ मध्ये लागला आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. आज जगभर ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. त्या काळी मात्र आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सगळे पोरखेळ वाटत असे. वरची पदवी नाही, विद्यापीठ नाही, नावाजलेल्या नियतकालिकांत लेख नाहीत. बरेचसे लेखन लहान पुस्तिकांच्या रूपाने ते स्वतःच छापत. परिषदांना पदरमोड करून जात. लोक हसत आणि ते आपल्या संख्या सांगत राहत.

हसणाऱ्यांचे काहीच खरे नव्हते असे मी म्हणणार नाही. कापरेकरांनी पुष्कळ चमत्कार दाखवले, त्या प्रत्येकाच्या मुळाशी मोठा सिद्धान्त असतोच असे नाही, आणि त्यांच्या शोधांवर कुठला पूल किंवा कारखाना उभा राहिलेला नाही. पण दाद मिळायची ती परदेशातून मिळाली. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते.

त्या आधीची वर्षे ओढगस्तीची होती. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा या वयात त्यांना गणित-विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. ज्याच्या नावाची संख्या आज जगभर शिकवली जाते, तो माणूस पोटासाठी शिकवण्या करत होता, हे वाचून मला वाईट वाटले. मात्र संख्यांचा नाद त्यांनी सोडला नाही. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८६ या सालाची पहिली वजाबाकी करून पाहा. ९८६१ उणे १६८९, म्हणजे ८१७२. जन्मसालाच्या वाटेवर दुसरा टप्पा हाच होता. तिथून पुढे दोन्ही साले एकाच वाटेने ६१७४ ला पोहोचतात.

आता पुन्हा डिंडोलीला येतो. खेळाच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या मुलीने मला गाठले. तिने मुद्दाम २२२१ ही संख्या घेतली होती. वजाबाकी ९९९ आली, पुढे ९९९ मधून ९९९ गेले आणि शून्य उरले. नियम मोडला म्हणून ती विजयी मुद्रेने पाहत होती. मी घाबरलो. मग दोघांनी मिळून अर्धा तास डोके खाजवले, तेव्हा उलगडा झाला. उत्तर ९९९ नसून ०९९९ आहे; चौथ्या घरातले शून्य सोडायचे नाही. मग ९९९० उणे ०९९९, ८९९१, आणि पुढे ८०८२, ८५३२ करत गाडी ६१७४ ला आली. डावीकडच्या शून्याला किंमत नसते असे आम्हांला शिकवलेले. त्या दिवशी त्याला किंमत आली.

त्याच संध्याकाळी काका घरखर्चाची वही घेऊन बसले होते. महिन्याच्या हिशेबात २७० रुपयांचा फरक पडत होता. आम्हां कॉमर्सच्या मुलांना शिकवलेले असते, की तेरीज जुळत नसेल आणि फरकाला नवाने भाग जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. २७० ला नवाने भाग जातो. शोधले तर किराण्याचे ६३० रुपये ३६० लिहिले गेले होते. मुलगी एकदम म्हणाली की आमच्या खेळातही प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातो. मी चकित झालो. कारण एकच आहे. अंक तेच राहिले आणि त्यांच्या जागा बदलल्या, तर दोन संख्यांतला फरक नवाच्या पाढ्यातच पडतो. दोन वर्षे मी जो नियम घोकत होतो, त्याचे मर्म मला सहावीतल्या मुलीने दाखवले.

नंतर मी स्वतः थोडे पुढे गेलो. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले, तर वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते: बाहेरच्या दोन अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. ७६४१ मध्ये हे फरक ६ आणि २ आहेत. ५९९४ अधिक १८० म्हणजे ६१७४. या हिशेबाने पहिल्या वजाबाकीनंतर हजारो संख्यांच्या फक्त ५४ संख्या उरतात, आणि त्या ५४ हातानेही तपासता येतात. मी तपासल्या. गणिताचा मी एवढा वेळ पूर्वी कधीच दिला नव्हता, आणि या खेपेला रीत कोणाची, हे विचारणारे कोणी नव्हते.

आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांनाही मी हा खेळ सांगितला. त्यांनी तो कन्नडमध्ये मोजला, उत्तर अर्थातच तेच आले.

मावशीच्या मुलीला स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. पण तिचा परवा फोन आला होता. तीन अंकी संख्या घेतल्या की सगळ्या ४९५ ला येऊन थांबतात, हे तिने एकटीने शोधून काढले आहे. हे कुठल्या पुस्तकात आहे का, असे ती विचारत होती. आहे, हे मी तिला सांगितले नाही. कापरेकर मास्तरांनीही इतक्यात सांगितले नसते, असे मला वाटते.