रंगांची राखणदार

अमूर्त चित्रकलेचा विषय निघाला की कांडिन्स्कीचं नाव हमखास येतं. पण त्याची शेकडो चित्रं जिने जिवापाड जपली, त्या गॅब्रिएल म्युंटरबद्दल कुणी फारसं बोलत नाही. म्हणून आज तिच्याविषयी लिहितेय.

गॅब्रिएल १८७७ मध्ये बर्लिनला जन्मली. तेव्हा म्युनिकच्या कला अकादमीत मुलींना प्रवेशच नव्हता. मग १९०२ मध्ये ती कांडिन्स्कीच्या खासगी वर्गात दाखल झाली. तिथेच दोघांचं जमलं. तो विवाहित होता, पण लग्नाचं वचन त्याने तिला दिलं.

सुरुवातीला दोघंही इम्प्रेशनिस्टांसारखी, बदलता उजेड टिपणारी चित्रं काढत. १९०८ मध्ये ती आल्प्सच्या पायथ्याच्या मुर्नाऊ गावी आली. काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली संतांची चित्रं ही तिथली लोककला. जाड काळी रेघ आणि आत सपाट, ठसठशीत रंग! गॅब्रिएल ती कला शिकली आणि तिचा हातच बदलला. बारीकसारीक तपशील गळाले. दिसलं तसं रंगवण्यापेक्षा मनाला जाणवलं ते रंगवायचं, हे तिने ठरवलं. १९०९ मध्ये तिने मुर्नाऊला घर घेतलं. १९११ च्या 'ब्लू रायडर' प्रदर्शनात तिचीही चित्रं लागली. कांडिन्स्की हळूहळू पूर्ण अमूर्ताकडे गेला. हिने मात्र घर, झाड, माणूस सोडलं नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. रशियन असल्याने त्याला जर्मनी सोडावी लागली. १९१७ मध्ये त्याने मॉस्कोत दुसरीशीच लग्न केलं. ही इकडे वाटच पाहत राहिली! पुढे काही वर्षं तिच्या हातून फारसं कामही झालं नाही.

त्याची बरीच चित्रं तिच्याकडेच होती. नाझींनी अशी कला 'विकृत' ठरवली, तेव्हा तिने ती मुर्नाऊच्या घरातल्या तळघरात लपवली. सापडली असती तर काय झालं असतं, कल्पना करा! आणि १९५७ मध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाला, स्वतःच्या चित्रांसह हजाराहून अधिक कलाकृती तिने म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयाला देऊन टाकल्या. १९६२ मध्ये ती गेली.

लोक याला प्रेमातला त्याग म्हणतील. मला तसं वाटत नाही. माणूस दुरावला तरी त्याच्या कामाचं मोल तिला कळत होतं, कारण ती स्वतः चित्रकार होती. त्या नव्या रंगांच्या जन्मात तिचाही वाटा होता. तिने राखलं ते दोघांचंही होतं.