माणसांपेक्षा गोरिला बरे?

माणसांपेक्षा जनावरे बरी, असे वैतागलेला माणूस सहज बोलून जातो. आपण मात्र हे वाक्य जपून वापरावे. महाडच्या तळ्यावर जनावरांना मुभा आणि माणसांना मज्जाव होता, १९२७ साली बाबासाहेबांना तिथे सत्याग्रह करावा लागला, हा इतिहास आपल्याच घरातला आहे. एका अमेरिकन बाईने मात्र हे वाक्य अठरा वर्षे जगून पाहिले. तिचे नाव डायन फॉसी.

१६ जानेवारी १९३२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तिचा जन्म झाला. वडील दारूच्या आहारी गेलेले. ती लहान असतानाच आईने घटस्फोट घेतला व दुसरे लग्न केले. सावत्र बाप बांधकाम धंद्यातला, घरात पैसा होता. पण दहा वर्षांची होईपर्यंत या मुलीला आईवडिलांबरोबर टेबलावर जेवायला बसू दिले नाही. ती स्वयंपाकघरात मोलकरणीसोबत जेवायची. पंगतीबाहेर बसवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिची पंगत जातीने मोडलेली नव्हती हा फरक आहेच, पण लहान मुलाच्या मनाला फरकाचे शास्त्र कळत नाही.

जनावरांची डॉक्टर व्हायचे होते, पण पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रात गाडी अडली. मग ती लुईव्हिलच्या इस्पितळात अपंग मुलांवर उपचार करू लागली. १९६३ मध्ये बँकेचे कर्ज काढून आफ्रिका पाहून आली, तिथे लुई लीकी या संशोधकाची गाठ पडली. त्यांच्याच प्रयत्नाने १९६६ च्या अखेरीस ती पर्वतीय गोरिलांच्या अभ्यासाला निघाली. काँगोत यादवी पेटली, सैनिकांनी तिला डोंगरावरून खाली आणले. तिथून निसटून ती रवांडात गेली. २४ सप्टेंबर १९६७ रोजी कारिसिंबी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मध्ये, सुमारे ३००० मीटर उंचीवर, तिने तंबू ठोकला. दोन्ही डोंगरांची नावे जोडून ठाण्याचे नाव ठेवले कारिसोके.

तिची पद्धत साधी होती. गोरिलासारखे वाकून चालायचे, रानभाजीचे देठ चघळायचे, त्यांच्यासारखेच समाधानाचे घोगरे आवाज काढायचे आणि वाट पाहायची. १९७० मध्ये पीनट्स नावाच्या नराने तिच्या हाताला हात लावला. वेडेवाकडे बोट असलेला डिजिट तर तिचा मित्रच झाला. त्याच्या कळपात त्याच्या वयाचे कोणी नव्हते, आणि हिचेही माणसांत फारसे जमत नव्हते. त्या रानात ती सुखी होती, यात मला शंका वाटत नाही.

३१ डिसेंबर १९७७ रोजी शिकाऱ्यांनी भाले मारून डिजिटला ठार केले. मुंडके आणि हात कापून नेले. कळपाला निसटता यावे म्हणून तो एकटा झुंजला होता. यानंतर डायन फॉसीचा अभ्यास मागे पडला आणि युद्ध सुरू झाले.

इथे मात्र मला तिची बाजू घेता येत नाही. तिच्या तावडीत सापडणारे बहुतेक शिकारी बट्वा जमातीचे होते. रवांडाच्या लोकसंख्येत हे लोक एक टक्काही नाहीत, सर्वांत खालच्या पायरीवरचे. पिढ्यान् पिढ्या त्याच जंगलावर जगलेले. ते फास लावायचे ते मुख्यतः हरणांसाठी. गोरिला त्यात चुकून अडकत. तिने पकडलेल्यांना खाजकुयरीसारख्या दाहक पाल्याने फोडून काढले, त्यांच्या झोपड्यांतले सामान जाळले, मुखवटे घालून चेटकिणीची भीती घातली, एकदा तर एका शिकाऱ्याचे लहान मूल ओलीस ठेवले. आरोपपत्र नाही, न्यायाधीश नाही. फिर्यादी तीच आणि शिक्षा देणारीही तीच. उलट १९६० च्या दशकाअखेरीस त्याच उद्यानाची सुमारे १०० चौरस किलोमीटर जमीन युरोपच्या पैशाने पायरेथ्रमच्या शेतीखाली गेली, म्हणजे कीटकनाशकासाठी. जंगल खाणारा खरा हात तो होता. त्याला पाल्याचे फटके कोण मारणार? कोलोनच्या प्राणिसंग्रहालयासाठी कोको आणि पकर ही दोन पिल्ले पकडली गेली, तेव्हाही पाठीमागे उभे होते ते शहरातले सभ्य गिऱ्हाईक. ती दोन्ही पिल्ले १९७८ मध्ये पिंजऱ्यातच मेली.

जनावरांत राहायला गेलेल्या माणसालाही माणसांशी कसे वागायचे, हा प्रश्न चुकत नाही. डोंगराखालचे गरीब तिच्या हिशेबात फक्त शत्रू म्हणून आले. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे : ती नसती तर ते गोरिला बहुधा उरले नसते. १९८१ च्या गणनेत विरुंगा डोंगरांत अडीचशेच्या आसपास गोरिला होते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत तिथेच ६०४ भरले.

२७ डिसेंबर १९८५ च्या सकाळी ती आपल्या झोपडीत मृतावस्थेत सापडली. डोक्यावर कोयत्याचे घाव होते. तिच्याकडे पूर्वी वाटाड्या म्हणून असलेल्या र्वेलेकाना याला अटक झाली. तो तुरुंगातच मेला, गळफास घेतला असे सांगण्यात आले. वेन मॅग्वायर या अमेरिकन संशोधकाला १९८६ मध्ये त्याच्या गैरहजेरीत फाशीची नव्हे, गोळी घालण्याची शिक्षा झाली. तो आधीच मायदेशी पोचला होता आणि दोन्ही देशांत प्रत्यार्पणाचा करार नव्हता. गोरा आरोपी घरी, काळा आरोपी कोठडीत मेलेला, आणि खून कोणी केला हे आजही सिद्ध झालेले नाही.

तिने गोरिलांसाठी केलेल्या दफनभूमीत, डिजिटच्या शेजारी, तिला पुरले. कबरीवर तिच्या नावाआधी डोंगराखालच्या लोकांनी तिला दिलेले नाव कोरले आहे : न्यिरामाचाबेली, म्हणजे डोंगरावर एकटी राहणारी बाई.