नाव उरले, कारागीर गेला

मोटारीच्या धंद्यात ज्यांची नावे जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली, ती माणसे धनाढ्य होऊनच मेली असतील असा आपला सर्वसाधारण समज असतो. हेन्री फोर्डच्या उदाहरणाने तो दृढही झाला आहे. लुई शेव्हरोले या माणसाचे चरित्र मात्र या समजाला छेद देते. ज्याचे नाव कोट्यवधी गाड्यांवर झळकले, तो स्वतः उतारवयात डेट्रॉईटला त्याच नावाच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून रोजीवर काम करीत होता. हा केवळ दैवदुर्विलास नव्हे. कौशल्य, भांडवल आणि नाव या तिहींची मालकी कोणाकडे असते, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न त्यामागे आहे.

लुईचा जन्म 25 डिसेंबर 1878 रोजी स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावी झाला. वडील घड्याळजी. लहानपणीच कुटुंब फ्रान्समधील बोन या गावी गेले आणि लुई तेथे सायकलच्या दुकानात कामाला लागला. सायकली दुरुस्त करायच्या आणि त्याच सायकलींवर शर्यती मारायच्या, असा त्याचा दुहेरी उद्योग होता. 1900 साली तो कॅनडात व तेथून न्यूयॉर्कला गेला. 1905 साली फियाट गाडी हाकीत त्याने बार्नी ओल्डफील्ड या त्या काळच्या नामवंत चालकाला हरविले. पुढे ब्यूइक गाड्यांच्या शर्यतीच्या पथकात असताना विल्यम ड्युरंट याची नजर त्याच्यावर पडली.

ड्युरंट हा जनरल मोटर्सचा संस्थापक. परंतु 1910 साली सावकार बँकांनी कंपनीची सूत्रे त्याच्या हातून काढून घेतली होती. नव्याने डाव मांडण्यासाठी त्याला लोकांच्या ओठांवरचे एक नाव हवे होते. लुईला आपल्या मनातील गाडी बांधायला भांडवल हवे होते. या गरजांच्या संयोगातून 3 नोव्हेंबर 1911 रोजी शेव्हरोले मोटर कार कंपनी जन्माला आली. लुईच्या देखरेखीखाली तयार झालेली पहिली गाडी सहा सिलिंडरची, भारदस्त व वेगवान होती. तिची किंमत होती 2,150 डॉलर. फोर्डची ‘मॉडेल टी’ त्या वेळी याच्या सुमारे चौथाई किमतीत मिळत असे.

मतभेद येथेच उद्भवला. ड्युरंटला फोर्डशी टक्कर देणारी स्वस्त गाडी हवी होती, तर हलक्या मालावर आपले नाव असावे हे लुईला मान्य नव्हते. 1913 साली तो कंपनीतून बाहेर पडला, आपले शेअरही त्याने विकून टाकले. नावाचा हक्क कंपनीकडेच राहिला. 1915 साली कंपनीने 490 डॉलरची गाडी काढली, तिच्यावर लोकांच्या उड्या पडल्या, आणि 1916 साली शेव्हरोलेच्या शेअरांच्या जोरावर ड्युरंटने जनरल मोटर्स पुन्हा ताब्यात घेतली. बाजारपेठेचे गणित ड्युरंटचे बरोबर होते, लुईचे चुकले होते, हे मान्य करावेच लागेल.

परंतु लुईच्या प्रतिभेचा खरा आविष्कार यानंतरचा आहे. स्वतःचे नाव वापरण्याची सोय नसल्यामुळे त्याने ‘फ्राँटेनॅक’ या नावाने शर्यतीच्या गाड्या बांधल्या. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत 1913 पासून सलग पाच वेळा युरोपीय गाड्यांनी जिंकली होती. 1920 साली लुईने बांधलेल्या गाडीतून त्याचा धाकटा भाऊ गॅस्टन याने ती जिंकली. 1921 साली टॉमी मिल्टनने लुईच्याच गाडीतून पुन्हा जिंकली. या यशावर दुःखाची छाया होती. 1920 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील एका शर्यतीत गॅस्टन अपघाती मरण पावला होता.

त्यानंतर लुई व दुसरा भाऊ आर्थर यांनी जे केले ते विशेष मननीय आहे. ज्या स्वस्त गाडीच्या कल्पनेपायी लुईने आपली कंपनी सोडली, त्या वर्गातील सर्वांत स्वस्त गाडीलाच, म्हणजे फोर्डच्या ‘मॉडेल टी’लाच, त्यांनी हात घातला. या गाडीचे इंजिन जेमतेम 20 अश्वशक्तीचे. त्यातील व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसविलेले असल्याने इंधनवायूला आडवळणाने जावे लागे. शेव्हरोले बंधूंनी व्हॉल्व्ह वरच्या अंगाला असलेले नवे सिलिंडर हेड तयार केले. जुने हेड उतरवून हे बसविले की वायूचा मार्ग सुकर होई, दाब वाढे आणि तेच इंजिन कितीतरी अधिक जोर देई. रोजच्या वापराच्या गाडीपासून थेट शर्यतीच्या गाडीपर्यंत त्याचे निरनिराळे प्रकार मिळत. 1923 साली असे हेड बसविलेली फोर्ड गाडी इंडियानापोलिसला खास बांधणीच्या महागड्या यंत्रांशी झुंजली आणि पाचवी आली.

सामान्य माणसाच्या रस्त्यावरील गाडीला शर्यतीचे बळ द्यावयाचे, ही आज मोठ्या उद्योगाचे रूप घेतलेली कल्पना येथे स्पष्ट दिसते. 1967 पासून पेनसिल्व्हानियातील डॉन येन्को हा विक्रेता शेव्हरोलेच्याच ‘कमॅरो’ गाडीत सात लिटरचे इंजिन बसवून विकू लागला, तेव्हा तो कळत नकळत लुईचीच वाट चालत होता. घाऊक उत्पादनाने कारागीर संपत नाही. घाऊक मालाला वेगळेपण देण्याचे नवे क्षेत्र त्याला मिळते, हा यातील धडा.

मात्र हे क्षेत्र परावलंबी असते. 1927 साली दीड कोटी गाड्यांनंतर ‘मॉडेल टी’ बंद झाली आणि या हेडची बाजारपेठही आटली. 1929 साली लुईने विमानाच्या इंजिनांचा उद्योग आरंभिला; महामंदीने तोही बुडविला. तेव्हा पन्नाशी उलटलेला लुई कारखान्यातील मजुरीकडे वळला. पुढे मेंदूतील रक्तस्रावाने तो अंथरुणाला खिळला आणि 6 जून 1941 रोजी त्याचे निधन झाले. इंडियानापोलिसच्या भूमीत तो विसावला आहे.

भांडवलदाराने कारागिराला लुबाडले, असा सोपा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होईल. पण ड्युरंटनेही 1920 साली जनरल मोटर्स कायमची गमावली, 1936 साली त्याचे दिवाळे निघाले आणि 1947 साली तो विपन्नावस्थेतच वारला. टिकली ती फक्त संस्था, आणि तिने आपलेसे केलेले नाव.

ते नाव महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. 1928 पासून मुंबईत शिवडीला या गाड्यांची जुळणी होत असे. 2008 साली तळेगावला नवा कारखाना उभा राहिला. 2017 साली कंपनीने भारतातील विक्री थांबविली आणि 2020 अखेर तेथील उत्पादनही बंद केले. कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला, पण कामगारांचा प्रश्न न्यायालयांपर्यंत रेंगाळला. बोधचिन्ह उतरवून नेता येते. हातातले कौशल्य घेऊन कामगाराने कोठे जावे, याचे उत्तर ताळेबंदात नसते. म्हणूनच जो आपली कला बाजारात आणतो त्याने करारनाम्यावर सही करताना आपण नक्की काय विकतो आहोत, श्रम, माल की नाव, हे विचारून घेतले पाहिजे. आणि ज्याच्यापाशी विकायला श्रमाखेरीज काहीच नाही, त्याच्या वतीने तो प्रश्न समाजाने विचारला पाहिजे.